पिवळी खोली

पिवळ्या भिंतींच्या खोलीत माणूस खोटं बोलत नाही, या एका शोधावर मानसशास्त्राच्या सरांचं पुस्तक हातोहात खपलं आणि त्यांनी हौसेने स्वतःची केबिनही पिवळीधमक रंगवून घेतली. त्यांच्या विद्यार्थिनीने तोच प्रयोग अकरा वेळा करून पाहिला, पण पिवळ्या खोलीतही लोक बिनदिक्कत थापा मारत होते. मग कपाटात तिला सरांचे मूळ तक्ते सापडले. निम्म्या आकड्यांवर व्हाइटनर फासलेलं आणि त्यावर सरांच्याच अक्षरात नवे आकडे.

ती तडक केबिनमध्ये गेली. "सर, तुम्ही आकडे बदलले होते?"

"वेडी की काय तू!" पापणीही न लवता सर म्हणाले. "एकसुद्धा नाही."



तिने तिथेच वही उघडून लिहिलं : प्रयोग बारावा, खोली पिवळी, निष्कर्ष तोच.