मागणी घालायला निघताना

अरे, ऐका तर! काल मला जिच्याशी लग्न करायचंय त्या रनदच्या घरी मागणी घालायला निघायचं, आणि आमचे बाबा खोलीतून बाहेर आले ते रुंद कॉलरचा जुनाट सूट घालून, वर डोक्याला, हल्ली कुणी घालत नाही ती, काळी सिदारा टोपी! मी रडकुंडीलाच आलो. “बाबा, हात जोडतो, बदला हे! तिच्या घरचे म्हणतील, नाटकातला पाशा आला. पन्नाशीचा माणूस असे कपडे घालतो का?”

बाबा आरशासमोर टाय नीट करत राहिले. मग म्हणाले, “मग कसे घालतो रे? माझे वडील तिशीच्या आत युद्धात मारले गेले. त्यांचे सगळे फोटो गणवेशातले. आपल्या घरात पन्नाशी गाठलेला माणूस मी एकच पाहिलाय, भिंतीवरच्या फोटोतले माझे आजोबा. त्यांचंच बघून घालतो.”