मत्स्यालयातलं स्थळ

रात्रपाळी उरकून मोनाली कंपनीच्या बसनं थेट बागेपाशी उतरली, तेव्हा रूपालीमावशी तिकिटं काढून मत्स्यालयाच्या दारात उभी होती. शेजारी आई. मावशीची नात श्रेया कठड्याला लोंबकळत होती.

"निदान कपडे तरी बदलून यायचं," मावशी म्हणाली. "पाहुणे येणारेत आन् तू कंपनीच्या शर्टात."

"घरी गेले असते तर आडवी झाले असते. मग उठले नसते."

आईनं, सुलेखानं, पिशवीतून डबा काढून पुढं केला. मोनालीनं उभ्याउभ्याच पोळीभाजी खाल्ली. डोळे चुरचुरत होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रभर मशीनसमोर उभं राहून पोटऱ्यांचे दगड झाले होते.

हे काही पहिलं स्थळ नव्हतं. वर्षभर हेच चाललं होतं. एकानं चहा संपायच्या आत विचारलं होतं, घर कुणाच्या नावावर आहे. दुसऱ्याला अंथरुणाला खिळलेल्या आईचं करायला माणूस हवं होतं, आणि तेही त्यानं निघताना चपला घालताघालता सांगितलं. पाहुणे गेले की मायलेकी कपबशा विसळायच्या. वडील गेल्यापासून घरात दोघीच.

गल्लीत मात्र चर्चा व्हायची. कोण आलं होतं, नकार कुणी दिला. मोनालीला तेहतिसावं लागलं होतं. एका शेजारणीनं तर नळावर तोंडावरच विचारलं, "आता या वयात कशाला घाट घालता गं?" म्हणून या वेळी मोनालीनंच सांगितलं, घरी नको. सहलीला गेल्यासारखं जाऊ. मत्स्यालयात अंधार असतो, कुणी कुणाकडं बघत नाय.

"आन् हे शेवटचं," ती मावशीला म्हणाली होती. "जानेवारीत कंपनी चाकणला चालली. त्याच्या आत जमलं तर जमलं. पुन्हा पुन्हा हे करायची ताकद नाय राह्यली."

फर्दापूरची बस उशिरा आली. साहेबराव आणि त्यांचा मुलगा सुदर्शन स्टँडवरून चालतच आले. दोघांचे शर्ट कडक इस्त्रीचे, पण प्रवासात चुरगळलेले. फर्दापूरला त्यांचं छोटं लॉज होतं, लेणी बघायला येणाऱ्यांसाठी; घरात बापलेक दोघंच. साहेबरावांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि पुढं काय बोलावं ते न सुचून श्रेयाला विचारलं, "तुला कोणता मासा आवडतो?"

"शार्क," श्रेया म्हणाली आणि मावशीला ओढत आत पळाली.

आत निळसर उजेड होता आणि पंपांची एकसुरी घरघर. वाट अरुंद. दोघा-दोघांनाच चालता येत होतं. सुदर्शन आणि मोनाली पुढं झाले. मागं सुलेखा आणि साहेबराव, हातभर अंतर राखून.

"रात्रपाळी होती?" सुदर्शननं विचारलं.

"व्हय. झोप येतीये. काही उलटसुलट बोलले तर मनावर घेऊ नका."

सोनेरी माशांची टाकी गेली. पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची गेली. मग तो म्हणाला, "स्पष्टच विचारतो. मनापासून तयारी आहे ना? का घरच्यांनी मागं लागून आणलंय?"

"आधी नाराजीच होती. खोटं कशाला सांगू. आता नाय." मोनालीनं जांभई दाबली. "तुमच्याकडं?"

"आत्याचा विरोध आहे. वयावर बोलते. बोलू द्या."

"पिणं-बिणं?"

"नाही. चहा लई लागतो."

"चिडणं?"

सुदर्शननं जरा विचार केला. "बातम्या बघताना."

मोनालीला कितीतरी दिवसांनी हसू आलं. तो पुढं म्हणाला, "थोडी शुगर आहे. गोळी चालू आहे. नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं."

हे असं आपणहून कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं काचेला खांदा टेकवला. काच गार होती. क्षणभर उभ्याउभ्याच तिचा डोळा लागला असावा, कारण श्रेयाच्या आवाजानं ती दचकली.

"आजी, हा झोपलाय का? ह्याचे डोळे तर उघडेच आहेत."

"त्याला पापण्या नसतात, बाळा. तसाच झोपतो."

मोनालीला त्या माशाची दया आली.

मागं वळून सुदर्शन म्हणाला, "काकू, इथं पायरी आहे, सांभाळून." हे तिनं मनात टिपून ठेवलं.

बाहेर उन्हात आल्यावर ती बाकावर बसली. मावशीनं श्रेयाला भेळ घेऊन दिली. सुदर्शन घड्याळ बघत उभा राहिला. मागची दोघं काही येईनात. इतका वेळ काय बोलत असतील? हेही मोडलं, की पुन्हा तेच. गल्ली, नळ, विसळलेल्या कपबशा.

शेवटी ती दोघं बाहेर आली. सुलेखाचे डोळे लाल झाले होते. साहेबराव अवघडून उभे राहिले.

"मग काय दाजी, झालं का बोलणं?" मावशीनं विचारलं.

"आमच्याकडून होकार आहे," साहेबराव हळू म्हणाले. "ह्यांचंच अडतंय."

सगळ्यांनी सुलेखाकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"माणसं चांगली आहेत. मी कुठं नाय म्हणते," ती म्हणाली. "पण पोरीपासून लांब राह्यचं म्हणलं की जीव तुटतो माझा. मला नाय जमायचं."

मोनाली उठली. पाय दुखत होते, तरी चालत आईपाशी गेली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. ते थंडगार पडले होते.

"आई, तू नुसतं हो म्हण," ती म्हणाली. "तुझं कन्यादान मी करते."