दगडांची हजेरी

सकाळी साडेसहाला ज्युडिथ हॅस्केलने थर्मासमध्ये कॉफी भरली, पावाच्या दोन कापांना शेंगदाण्याचे लोणी लावले, अठरा लहान आरसे टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवले आणि हजेरीच्या वहीत इस्पितळातल्या नावनोंदणीचा अर्ज सरकवला. तिला सातवा महिना होता. मुलगा होणार, हे डॉक्टरांनी सांगितले होते. अर्जावर बाळाच्या नावासाठी सोडलेल्या जागी तिने पेन्सिलीने लिहिले होते : सायलस. तिच्या पहिल्या मुलाचेही नाव तेच होते. तो दोन वर्षांपूर्वी, तीन वर्षांचा असताना, तापाने गेला.

नवरा, वॉरन, बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर केली नाही. "तुला ठेवायचं तर ठेव," तो म्हणाला. "माझ्या तोंडून निघेल की नाही, सांगता येत नाही."

ज्युडिथला फार काही नको होते. जिन्याखाली उभे राहून त्या नावाने एकदा पुन्हा हाक मारायची होती, आणि वरून कुणी ओ द्यायला हवी होती. अर्ज चारच्या आत द्यायचा होता.

शाळेत पहिल्या तासाला नववीचा वर्ग. विषय जागतिक संस्कृती. मेलेल्याचे नाव कुणी उच्चारत असेल तोवर तो पुरता मरत नाही, असे प्राचीन इजिप्तमधली माणसे मानत, हे तिने सांगितले. आवाज हलू दिला नाही. तिसऱ्या तासाला अकरावीच्या मुलांना घेऊन ती शाळेमागच्या जुन्या दफनभूमीत गेली. अमेरिकेचा आरंभकाळ ती तिथेच शिकवायला घेई. प्रत्येकाला थडग्यावरचा एक दगड वाटून दिलेला असे. झिजलेल्या अक्षरांवर आरशाने तिरपे ऊन पाडायचे आणि वाचायचे. शेवटी ती दगडांची हजेरी घेई : तिने नाव पुकारायचे आणि ज्याच्याकडे तो दगड असेल त्याने 'हजर' म्हणून त्या माणसाच्या वतीने एक वाक्य बोलायचे.

टकर नावाच्या मुलाकडे मात्र शेजारशेजारचे दोन दगड आले. दोन्हींवर मेहिटबल कोल्टन. एक सतराशे एकेचाळीसमध्ये दोन वर्षांची होऊन गेलेली. दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेली.

"बाई, यांच्याकडची नावं संपली होती का?" टकरने विचारले. "का जुनंच झाकण नव्या डब्याला?"

मुले हसली. ज्युडिथने दरवर्षीप्रमाणे समजावले : मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची तेव्हा रीत होती; नाव मुलाचे नसे, घराचे असे. मग पूर्वी कधी न जोडलेले एक वाक्य तिने जोडले. त्यात प्रेमच होते, असे ती म्हणाली.

मुले पांगली. कोरिन पेलतिए तेवढी मागे राहिली. वर्गात तिला सगळे बर्डी म्हणत. ती आरशातला उजेड गवतावर इकडून तिकडे फिरवत होती.

"बाई, मीपण दुसरीच आहे," ती म्हणाली. "माझ्या आधीची कोरिन चार वर्षांची होऊन गेली."

ज्युडिथने विचारले, "कसं वाटतं गं?"

"वाईट असं नाही." कोरिनने खांदे उडवले. "पण घरात ते नाव कुणी घेतच नाही. आईनं एकदा चुकून हाक मारली, मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. म्हणून मी बर्डी. कोरिन फक्त तुम्ही म्हणता, हजेरीला. पहिल्या दिवशी मला कळलंच नव्हतं, तुम्ही मलाच बोलावताय ते."

तिने टॉवेलाने आरसा पुसला आणि मैत्रिणींकडे निघून गेली.

ज्युडिथने वही एका दगडाच्या माथ्यावर टेकवली. अर्ज काढला आणि रबराने ते नाव खोडले; कागद गुळगुळीत होईपर्यंत खोडले. रबराचे कण गवतात पडले. मग वही उघडून दगडांच्या यादीच्या तळाशी तिने शाईने एक नाव लिहिले आणि मुलांना गोळा केले.

एकेक नाव आले, एकेक 'हजर' आले. मेहिटबल कोल्टन दोनदा आली. दुसऱ्या वेळी टकर हसला नाही. अठराही जणांचे झाले आणि मुले दप्तरे उचलू लागली.

"सायलस हॅस्केल," ज्युडिथने पुकारले. वर्गात पुकारतात तेवढ्याच आवाजात.

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. ते नाव कुणाकडेच नव्हते. कोरिनने हातातला आरसा खाली केला.

उशिरा येणाऱ्या मुलासाठी थांबावे तितका वेळ ज्युडिथ थांबली. मग त्या नावापुढे गैरहजेरीची खूण करून तिने वही मिटली.