बहुधा मूळ

"शालनबाईंच्या अस्थी नवऱ्यालाच मिळतील, काका. तुम्ही त्यांचे नवरे नाही," खिडकीतला कारकून म्हणाला. "लग्नाला दोघांच्या जन्मनोंदीत मिळालेल्या जन्मसंख्या मूळ लागतात, म्हणजे कशानेही भाग न जाणाऱ्या. बाईंच्या तीनशे आकडी संख्येवर तेव्हा 'बहुधा मूळ' असा शेरा होता. नव्या यंत्राने ती विभाज्य ठरवली. लग्न रद्द."

"कशाने भाग जातो तिला?" शेवाळेंनी विचारलं.

"जातो, एवढंच कळतं. भाजक शोधायला हजार वर्षं लागतील."

"चाळीस वर्षं संसार केला. मला तिच्यात फट दिसली नाही, तुम्हालाही सापडत नाही. हजार वर्षांनी नोटीस पाठवा."

शेवाळेंनी खिडकीतून हात घालून कलश धरला. कारकुनानेही धरला.

"सोड. नाहीतर तुझा हात मोडेल," शेवाळे म्हणाले. "बहुधा."

कारकुनाने कलश सोडला.