हात काढा

पट्ट्याला जाळी बसवा, असं सांगून मी थकलो. मालेगावच्या आमच्या कापसाच्या जिनात सरकी काढायची सगळी यंत्रं त्या एका पट्ट्यावर फिरायची. शेठ म्हणायचे, "इसाक, जाळीला लोखंड लागतं. ओरडायला काय लागतं?"

म्हणून इंजिन जोडण्याआधी मी रोज ओरडायचो, "हात काढा." यंत्रावरच्या बाया म्हणायच्या, "काढले."

आज त्यांचं म्हणून झाल्यावर पट्ट्याखालून एका बाईचा आवाज आला, "निघत नाय, इसाकभाई."

वाकून पाहिलं. खाली कोणी नव्हतं. बाया सगळ्या माझ्यासमोर उभ्या होत्या. पुन्हा ओरडलो, पुन्हा तेच उत्तर.

शेठ वैतागले. "सरक," म्हणत त्यांनी स्वतः इंजिन जोडायचा दांडा ओढला. पट्टा फिरू लागला आणि आवाज थांबला.

"सोडा आता दांडा, शेठ," मी म्हणालो.

माझ्याकडे न बघता, त्याच बाईच्या आवाजात शेठ म्हणाले, "निघत नाय, इसाकभाई."