गजराबाईंचे गुडघे

गजराबाईंचे गुडघे अंगावर चढवून केतकी तिसऱ्या पायरीपर्यंत गेली आणि मटकन खाली बसली.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टुडिओत पोरांनी खऱ्या मापाचं पुठ्ठ्याचं घर उभं केलं होतं. धरणात बुडालेल्या गावातल्या पन्नास म्हाताऱ्यांना अशीच घरं मिळणार होती. म्हणून सरांनी सकाळी गजराबाईंचं चालणं आणि दुखणं विद्यार्थिनी केतकीनं आता घातलेल्या यंत्राच्या सूटमध्ये भरून घेतलं होतं.

"आजी, रोज इतकं दुखतं?" केतकीचे डोळे भरून आले.

गजराबाईंनी चोरून सुनेकडे पाहिलं. वीस वर्षं त्या सुमनला ऐकवत आल्या होत्या, "हात कसला धरतेस? लोखंडाची हाडं आहेत माझी." आता सुमन केतकीच्या थरथरणाऱ्या पायांकडे एकटक बघत होती.

"सूट बिघडलाय तुझा!" गजराबाई फणकारल्या. "नाजूक मेली."

सर म्हणाले, "सूट बिघडला असेल तर पायरी आहे तशीच ठेवू. नियमात बसते."

 कमरेत वाकलेली शेजारीण चंद्रभागा गजराबाईंच्या डोळ्यांपुढे आली. तिलाही हीच पायरी चढायची होती.

"तुमच्या नियमाला सांगा कळशी घेऊन चढायला," त्या शेवटी म्हणाल्या. "सूट ठीक आहे. पायरी दोन बोटं खाली घ्या."

 निघताना कॉलेजच्या पायऱ्या लागल्या, तेव्हा सुमननं सवयीनं हात पुढे केला नाही. गजराबाईंनी तो स्वतःहून धरला.

"बघतेस काय? हळू उतर."