केनियातलं माळवद

“माय, माळवद तडकलं.”

व्हिडिओ कॉलवर उज्वला होती, केनियातून. जपान झालं, पोर्तुगाल झालं. तिकडं काचेच्या इमारती उभ्या केल्या तेव्हा आर्किटेक्ट बाईंना माय आठवली नाही. आता हट्टानं एका शाळेवर आपल्या गावासारखं, जळकोटसारखं मातीचं छत घातलं, ते तडकलं, तेव्हा आठवली. तिच्या मायनं, धोंडाबाईनं हे बोलून दाखवलं नाही, एवढंच.

“उद्या सकाळी छताला टिनाचे पत्रे येऊन राहिलेत. समदी माती काढून फेकणार म्हणतेत इथले इंजिनियर. मग असलं काम मला परत कोण देतंय?”

“दाव बरं.”

उज्वलानं फोन माळवदावरून फिरवला. पांढरी माती नीट पसरलेली, उतार बरोबर, पन्हाळ बरोबर. मधोमध बोट जाईल एवढ्या भेगा. चारी बाजूंनी दोरी आणि दोरीला लाल पाटी.

“ती पाटी कशाची गं?”

“वर चढायला मनाई हाय. महिना झाला, कुणाचा पाय लागू दिला न्हाई मी.”

धोंडाबाईनं कपाळावर हात मारला.

“अगं येडे, माळवद काय देव्हारा हाय व्हय? तुडवल्याबिगर माती बसती का कुठं? सोड ती दोरी. पाणी शिंपड आन् समद्यायला वर चढव. चपला काढून.”

मजूर चढले, बाया चढल्या, मास्तरीण चढली. शेवटी तिथला इंजिनियरही बूट काढून आला. धोंडाबाई जळकोटातून ओरडत होती, “कडंला बी चला की. मधीच काय घुटमळून राहिले?”

दुपार कलली तशा भेगा बुजत गेल्या. मग उज्वलानं वर पाण्याच्या दोन घागरी ओतल्या आणि फोन घेऊन खाली वर्गात आली. दोघीही छताकडे बघत बसल्या. धोंडाबाईची भाजी करपली, ती उठली नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. छताची लाकडं कोरडीच होती.

“माय, गळलं न्हाई,” उज्वला म्हणाली आणि रडायलाच लागली.

धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. पदरानं तिनं आधी आपलंच तोंड पुसलं.

मागून इंजिनियर काहीतरी बोलला. उज्वला हसली. “पत्रे आता नको म्हणतेत. पण इचारतेत, याची गॅरंटी किती वर्षांची?”

“वर माणसं चालत राहतील तोवर,” धोंडाबाई म्हणाली.